कडेकडेने भूगोल

अहिल्यानगर जिल्ह्याला महाराष्ट्रातले किती जिल्हे खेटून आहेत? पुस्तक उघडायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. सांगा पटकन!

कुणी पुणे म्हणेल, कुणी नाशिक, कुणी बीड. सोलापूरही निघेल. पण एखादीने हात वर करून “ठाणे!” असं सांगितलं, तर मागच्या बाकांवर खसखस पिकणारच. कुठे लोकलच्या गर्दीचं ठाणे आणि कुठे उसाच्या मळ्यांचं नगर! तरी उत्तर बरोबर आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कड्यावर उभं राहिलं, की खाली पसरलेला दिसतो तो मुलूख ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडचा. वर नगर, खाली ठाणे आणि मध्ये छाती दडपून टाकणारा कडा.

अशा गोष्टी घोकून डोक्यात राहत नाहीत. हाताने एकदा कापून, जोडून पाहिल्या की मात्र पक्क्या बसतात. म्हणून आज आपण महाराष्ट्राचे तुकडे करणार आहोत. दचकू नका, पुठ्ठ्याचे!

आधी सामान

जिल्ह्यांच्या सीमा दाखवणारा, पण नावं नसलेला महाराष्ट्राचा नकाशा छापून घ्या. प्रती दोन हव्यात. एक कापायची, दुसरी तशीच ठेवून तिच्यावर तुकडे मांडायचे.

साध्या ए-फोर कागदावर राज्य जेमतेम वीतभर होतं. मुंबई शहराचा तुकडा पाच मिलिमीटरसुद्धा भरत नाही आणि पहिल्याच झाडूबरोबर घराबाहेर जातो. तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात जा आणि काकांना सांगा, “ए-थ्रीवर मोठा करून द्या.” तरीही मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एकाच तुकड्यात ठेवा. त्यांच्यामधली सीमा पेनाने गडद केली की झालं.

आता नकाशाच्या खाली बघा. समजा, तिथे ‘१ सेंमी = ४० किमी’ असं छापलंय. ए-फोरचा ए-थ्री करताना यंत्र लांबी आणि रुंदी दोन्ही १४१ टक्के करतं. त्यामुळे मोठ्या नकाशावर १ सेंमी म्हणजे साधारण २८ किमी झाले. कागदावर मात्र अजून ४० च लिहिलेलं आहे! नुसती अक्षरं मोठी झाली, गणित जुनंच राहिलं. पण शब्दांऐवजी नकाशाखाली छोटी मोजपट्टी आखलेली असेल, तर चिंता नाही. नकाशा फुगला की तीही तेवढीच फुगते आणि खरं तेच सांगते. भूगोलाच्या बाई ‘रेषाप्रमाण’ म्हणतात ना, ते हेच. झेरॉक्स काढायच्या नकाशावर रेषाप्रमाण का हवं, हे आता कुणी विचारलं तर सांगता येईल.

नकाशा चिकटवायला वहीच्या मागचा किंवा शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. गोंद सगळीकडे पातळ आणि सारखा लावा. वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवा, नाहीतर सकाळी महाराष्ट्राची पन्हाळी झालेली दिसेल.

कापता कापता

आधी बाहेरची सीमा कापा. कात्री एका जागी धरा आणि पुठ्ठा फिरवा, मग वळणं नीट येतात. सगळ्यात छळते ती समुद्राची बाजू. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, एकेका खाडीपाशी किनारा आत शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. कोकणचा किनारा किती दंतुर आहे, हे तुमच्या अंगठ्याला आधी कळेल.

मग कोकण वेगळं करा. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्या पूर्वेकडून उत्तर-दक्षिण जाणारी एक लांबच लांब रेघ दिसेल. बहुतेक ठिकाणी हा सह्याद्रीचा माथा आहे. गाडीतून जाताना तुम्ही ती ओलांडली असेल. कसारा घाट चढलात की ठाण्यातून नाशिकमध्ये, कुंभार्ली चढलात की रत्नागिरीतून साताऱ्यात, आंबा घाट चढलात की रत्नागिरीतूनच कोल्हापुरात.

घाटावर आलं की कात्रीला नद्या भेटायला लागतात. पुण्याची दक्षिणेकडची कड कापताना बराच वेळ तुम्ही नीरा नदीच्या काठाने चाललेले असता. पलीकडे सातारा. सांगली आणि कोल्हापूर वेगळे करताना वारणा लागते. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामध्ये गोदावरी, चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्यामध्ये वैनगंगा, यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईसुद्धा (१,६४६ मीटर) असंच कडेला बसलंय, अहिल्यानगर आणि नाशिकच्या सीमेवर.

आपल्या तुकड्यांना सरळ कड अशी फारशी सापडणारच नाही. याउलट अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि वायोमिंग या राज्यांचे तुकडे कापायला घ्या. दोन्ही चौकोनी! इजिप्त आणि सुदान यांच्यामधली सीमाही बरीचशी सरळ रेघ आहे. तिथे नदी-डोंगरांना कुणी विचारलंच नाही, नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. म्हणून नवा नकाशा हातात आला की आधी कड बघावी. वाकडी असेल तर नदी किंवा डोंगर शोधावा आणि सरळ असेल तर पट्टी कुणी धरली ते विचारावं.

हा उद्योग पहिल्यांदा कुणी केला?

अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा कारागीर होता. नकाशे कोरून छापायचे हा त्याचा धंदा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नकाशाकार थॉमस जेफरीज याच्या हाताखाली तो शिकला होता. १७६६ च्या सुमारास त्याने युरोपचा छापील नकाशा महोगनी लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवला आणि बारीक करवतीने देशांच्या सीमांवरून कापला. मुलांनी तुकडे जोडायचे आणि देश शिकायचे. मग त्याने जगाचे, आशियाचे, आफ्रिकेचेही नकाशे असेच कापून विकायला ठेवले. आज दुकानात मिळणाऱ्या जिगसॉ पझलच्या घराण्यातला हा जुना पूर्वज.

त्या तुकड्यांना एकमेकांत अडकणाऱ्या खाचा फारशा नसत. टेबलाला धक्का लागला की युरोप विस्कटला! खेळणं महाग होतं, त्यामुळे ते श्रीमंतांच्या घरी जाई. राजाच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच यांच्याकडेही असे कापलेले नकाशे होते. ते ठेवायचं लाकडी कपाट अजून जपून ठेवलेलं आहे. स्पिल्सबरी मात्र १७६९ मध्ये ऐन तिशीत वारला.

त्याच्या काळात पोलंड हा युरोपातला मोठा देश होता. १७७२ ते १७९५ या काळात शेजाऱ्यांनी त्याचे तीनदा लचके तोडले आणि तो नकाशावरून पुसलाच गेला. परत आला तो थेट १९१८ मध्ये. म्हणजे ज्या पोराने कोडं जोडून पोलंड पाठ केला, तो म्हातारा होईपर्यंत त्याचा तुकडा निकामी झाला होता.

आपल्याकडेही तुकडे बदलतात बरं का. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा जिल्हे होते २६. आज आहेत ३६. रत्नागिरीतून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग निघाला, धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार, ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर. आजीला विचारा, तिच्या भूगोलाच्या पुस्तकात रायगड जिल्हा नव्हता, त्याच जागी कुलाबा होता. एक खेळ करून बघा. नवा जिल्हा ज्यातून निघाला त्याला चिकटपट्टीने परत जोडत जा. पालघर ठाण्याला, नंदुरबार धुळ्याला, सिंधुदुर्ग रत्नागिरीला. अशा आणखी सात जोड्या शोधल्यात, की आजीच्या वेळचा महाराष्ट्र तयार!

सात शेजारी, चार रंग

आता तुकडे रंगवायचे. नियम सोपा आहे. ज्या दोन जिल्ह्यांची कड एकमेकांना लागते, त्यांना एकच रंग द्यायचा नाही. नुसता कोपरा टेकला तर चालेल. प्रश्न असा, की कमीत कमी किती रंगांत काम भागेल?

मधोमध अहिल्यानगर ठेवा आणि त्याला लाल रंग द्या. आता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक शेजारी आणून बसवा. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे आणि ते हसण्यावारी नेलेलं ठाणे. झाले सात. ठाण्याची कड पुन्हा नाशिकला लागते, म्हणजे फेर पूर्ण.

लाल आता कुणालाच देता येणार नाही, कारण सातही जण मधल्या लालला चिकटलेले आहेत. मग नाशिक पिवळा, संभाजीनगर निळा, बीड पिवळा, धाराशिव निळा, सोलापूर पिवळा, पुणे निळा. छान चाललंय! आता ठाणे. पिवळा? शेजारी नाशिक पिवळा आहे. निळा? शेजारी पुणे निळा आहे. लाल? मध्ये नगर बसलंय. अडलं घोडं! चौथा रंग काढावाच लागतो. शेजारी सहा असते, तर पिवळा-निळा, पिवळा-निळा करत तीन रंगांत भागलं असतं. सात ही विषम संख्या आडवी आली.

मग बाकीच्या जिल्ह्यांना पाचवा रंग लागेल का? सहावा? रंगवून बघा. चारातच सगळा महाराष्ट्र बसतो. भारत घ्या, आफ्रिका घ्या, मनाने वेडावाकडा नकाशा काढा, सपाट कागदावर चार रंग पुरतात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं फ्रान्सिस गथ्री या तरुणाच्या, १८५२ मध्ये. तो इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवत होता. चारच रंग पुरताहेत हे बघून त्याने भावाला विचारलं, “नेहमीच पुरतात का?” भावाने आपल्या प्राध्यापकांना विचारलं. हे प्राध्यापक म्हणजे ऑगस्टस डी मॉर्गन, आपल्या मदुराईत जन्मलेले मोठे गणिती. त्यांनाही उत्तर देता आलं नाही. पुढे एकाने सिद्धता दिली, तर ११ वर्षांनी दुसऱ्याने तिच्यातली चूक काढली. पोरखेळ वाटणारा हा प्रश्न सुटायला १९७६ साल उजाडलं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात केनेथ ॲपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी तो सोडवला, तोही संगणकाला हजाराहून जास्त तास राबवून. विद्यापीठाच्या गणित विभागाला इतका आनंद झाला, की बाहेर जाणाऱ्या टपालावर ‘चार रंग पुरतात’ असा शिक्का मारायला सुरुवात झाली.

नकाशा तराजूत

तुकडे सुटे आहेत तोवर आणखी एक प्रयोग. कोणता जिल्हा किती मोठा, हे वजन करून सांगता येईल का?

येईल की! धूमकेतूवाले एडमंड हॅले माहीत आहेत ना? सतराव्या शतकाच्या शेवटी त्यांनी इंग्लंडचा नकाशा कापला, परगण्यांचे कागदी तुकडे तराजूत तोलले आणि वजनावरून क्षेत्रफळ काढलं. कागद सगळीकडे सारख्या जाडीचा असला, तर दुप्पट वजन म्हणजे दुप्पट जमीन. वाकड्यातिकड्या आकाराचं क्षेत्रफळ काढायला सूत्र नाही, म्हणून काय झालं? काटा आहे!

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा पुन्हा आपला अहिल्यानगर, १७,०४८ चौरस किलोमीटर. भागाकार करा, जवळजवळ १८ येतो. म्हणजे ३५ तुकड्यांचा (मुंबईचे दोन जिल्हे एकाच तुकड्यात आहेत ना!) सगळा पुठ्ठा ३६ ग्रॅम भरला, तर एकटा अहिल्यानगर २ ग्रॅम भरायला हवा. घरातला किराणा मोजायचा काटा इथे कामाचा नाही. ओळखीच्या सोनारकाकांना विनंती करा, त्यांचा काटा ग्रॅमचे बारीक भागही दाखवतो. २ च्या आसपास आकडा आला तर शाबास! बराच फरक पडला तर समजा, गोंद कुठेतरी जाड बसलाय. त्याच मापाचा गोवा कापून दुसऱ्या पारड्यात टाका. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. चार गोवे टाकले तरी नगरचं पारडं जडच राहील.

मात्र जगाच्या नकाशावर हा प्रयोग करताना फसाल. वर्गात टांगलेला नकाशा पुष्कळदा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. ही पद्धत १५६९ सालची, जहाजांना दिशा अचूक कळावी म्हणून केलेली. तिच्यात ध्रुवांकडची जमीन फुगते. त्या नकाशातून ग्रीनलंड आणि आफ्रिका कापून तोललेत, तर दोन्ही जवळपास सारखे भरतील. खरं तर आफ्रिकेत १४ ग्रीनलंड बसतात. तराजू खोटं बोलत नाही, कागदच फुगवून सांगतोय. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची, तर कुठेतरी ताणावंच लागतं.

खंडांचीही कड जुळते

आता सर्वांत मोठं कोडं. जगाच्या नकाशातून दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका कापा आणि जवळ सरकवा. ब्राझीलचा पूर्वेकडे आलेला कोपरा आफ्रिकेच्या खोबणीत जाऊन बसतो! ही गंमत १५९६ मध्येच अब्राहम ऑर्टेलियस या नकाशाकाराने लिहून ठेवली होती.

आल्फ्रेड वेगेनर हे जर्मन हवामानशास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१२ मध्ये त्यांनी सांगितलं, की ही खंडं एकेकाळी खरोखरच जोडलेली होती आणि पुढे सरकत लांब गेली. नुसती कड जुळली म्हणून त्यांनी हे म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं, की फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे आपण कडा बघून जुळवतो, पण त्यावर छापलेल्या ओळी या तुकड्यावरून त्या तुकड्यावर सलग वाचता आल्या, तरच जोड पक्का. मग पृथ्वीवरच्या ओळी कोणत्या? खडक आणि जीवाश्म. मेसोसॉरस हा गोड्या-मचूळ पाण्यात राहणारा छोटा सरीसृप. त्याचे सांगाडे सापडतात आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि ब्राझीलच्या बाजूला. मध्ये पसरलाय अटलांटिक महासागर. तो प्राणी हे अंतर पोहून जाणं शक्यच नव्हतं.

या वर्तमानपत्राची एक ओळ आपल्या विदर्भातही आहे. चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्या गोंडवाना खडकांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या लांबट पानांचे ठसे मिळतात. ते पंचवीस कोटी वर्षांहून जुने आहेत. त्याच झाडाचे ठसे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बर्फाखालच्या अंटार्क्टिकातही मिळाले. ही सगळी जमीन तेव्हा एकत्र होती.

वेगेनर यांचं म्हणणं त्या काळी बहुतेकांनी उडवून लावलं. एवढी खंडं ढकलतं कोण, याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत ते वारले. समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला आणि १९६० च्या दशकात त्यांची बाजू खरी ठरली. १९६५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी संगणकावर दोन्ही खंडं जोडून पाहिली. त्यांनी किनारा धरला नाही. पाण्याखाली सुमारे ९०० मीटर खोलीवर खंडाची खरी कड आहे, ती धरली. जोड आणखी घट्ट बसला! तुम्हीही नकाशा कापताना किनाऱ्यालगतची फिकट निळी पट्टी जमिनीबरोबर ठेवून बघा.

आता तुमची पाळी

१. तुकडे पालथे टाका आणि डोळे मिटून फक्त कडेवर बोट फिरवा. सिंधुदुर्ग आणि गडचिरोली ओळखता येतात का?

२. राज्यातला एकच जिल्हा ज्याला जमिनीवर शेजारी आहे, असे दोन जिल्हे शोधा. एक अगदी पश्चिमेला, दुसरा वायव्येला.

३. सिंधुदुर्गातून निघून, एका कडेवरून शेजारच्या जिल्ह्यात पाऊल टाकत, राज्याच्या बाहेर न जाता गोंदियाला पोहोचा. जो कमीत कमी जिल्ह्यांतून जाईल तो जिंकला.

४. भारताचा राज्यांचा नकाशा छापा. मधोमध छत्तीसगड ठेवा आणि त्याची शेजारी राज्यं भोवती मांडून एवढाच भाग तीन रंगांत रंगवा. जमलं म्हणून नाचू नका. तीन रंगांत जमलं असेल, तर एखादा शेजारी नक्की सुटलाय. पुन्हा मोजा!